आरोग्याच्या चार गोष्टी : घाण नव्हे, हा तर पहारा

पहिला पाऊस पडला की एरंडोलच्या अंजनी नदीकाठी, शेताच्या बांधावर, डबक्याडबक्यांत बेडकांचा ओरडा सुरू होतो. पोरे दगड घेऊन मागे लागतात आणि घरातली म्हातारी माणसे ओरडतात, "हात लावू नका रे, चामखीळ येईल!" बेडूक बुळबुळीत म्हणून घाण, आणि घाण म्हणून रोगट, असा आपला सरळ हिशेब असतो.

बंधू-भगिनींनो, हा हिशेब चुकीचा आहे. चामखीळ एका विषाणूमुळे येते. तो माणसाकडून माणसाकडे जातो. बेडकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. बेडकाच्या अंगावरची बुळबुळ हे त्याचे चिलखत आहे. तसेच चिलखत तुमच्या-माझ्या शरीरातही आहे. त्याला आपण शेंबूड, कफ, आव अशी नावे देतो आणि नाक मुरडतो. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

बुळबुळ म्हणजे काय?

शास्त्राच्या भाषेत तिला श्लेष्म म्हणतात. त्यात बहुतांश पाणीच असते. पण त्या पाण्याला धरून ठेवणारी काही खास प्रथिने असतात. त्यांच्या अंगावर साखरेच्या कणांचे तुरे असतात, म्हणून ती पाणी सोडत नाहीत आणि चिकट जाळे तयार होते. धूळ आणि जंतू त्या जाळ्यात अडकतात. त्याच जाळ्यात जंतूंना मारणारी दुसरी प्रथिनेही फिरत असतात. म्हणजे एकाच थरात कुंपणही आहे आणि पहारेकरीही.

हे पहारेकरी पहिल्यांदा कुठे सापडले, ठाऊक आहे? चक्क शेंबडात! अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने सर्दी झालेल्या नाकातला स्राव जंतूंवर टाकून पाहिला, तर जंतू विरघळून गेले. त्या द्रव्याला त्याने लायसोझाइम नाव दिले आणि 1922 मध्ये ते जगापुढे मांडले. पेनिसिलिनचा शोध त्याला नंतर, 1928 मध्ये लागला. हेच लायसोझाइम आपल्या आसवांत, थुंकीत आणि कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असते.

आपल्या सह्याद्रीतला बेडूक

महाराष्ट्रापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत एक बेडूक राहतो. 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि नाव दिले 'बहुविस्तार'. पुढे तिरुवनंतपुरमची राजीव गांधी जैवतंत्रज्ञान संस्था आणि अमेरिकेतील एमोरी विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या त्वचेच्या स्रावातली छोटी प्रथिने तपासली. 32 पैकी चार प्रथिनांनी फ्लूचे विषाणू मारले. त्यांतली तीन माणसाच्या रक्तपेशींनाही घातक निघाली. उरले एकच. केरळच्या 'उरुमी' नावाच्या लवचिक तलवारीवरून त्याला 'उरुमिन' म्हणू लागले. 2009 मध्ये पुण्यात हाहाकार माजवणारा स्वाइन फ्लू ज्या घराण्यातला, त्या घराण्याच्या विषाणूंना ते मारते. हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग उंदरांवर झाले, माणसावर नव्हे. म्हणून कोणी बेडकाचे औषध विकायला आले तर विश्वास ठेवू नका.

आफ्रिकेत तर याहून नवल आहे. तिथे फुफ्फुसाने श्वास घेणारा एक मासा आहे. तळे आटले की तो चिखलात शिरतो आणि स्वतःभोवती बुळबुळीचा कोश करून महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून पडून राहतो. हा कोश म्हणजे वाळलेली साल असे वाटे. 2021 मध्ये कळले की तो जिवंत असतो, त्यात पांढऱ्या पेशी असतात आणि त्या जंतूंना पकडून ठेवतात. कोश काढला की माशाला जंतुसंसर्ग होऊ लागतो. दुष्काळात तग धरणे आणि रोगाशी लढणे, ही दोन्ही कामे एकाच थराने केली.

आपला कोश कोण फाडतो?

नाकापासून आतड्यापर्यंत आपल्यालाही असाच थर आहे. पण आपणच तो फाडत असतो.

खानदेशच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. नाक कोरडे पडते, लेकरांचा घोळणा फुटतो. पाणी कमी पडले की हा थर घट्ट होतो आणि धूळ-जंतू बाहेर ढकलण्याचे काम मंदावते. म्हणून वीटभट्टीवर किंवा शेतात राबणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि नाकातोंडावर ओला रुमाल बांधावा.

श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते कफाला सतत वर ढकलतात. विडीच्या आणि चुलीच्या धुराने हे तंतू बधिर होतात, कफ साचतो आणि सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते. जिनिंगमध्ये कापसाच्या बारीक धुळीत काम करणाऱ्यांना सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. याला 'बिसिनोसिस' म्हणतात. कामातून होणाऱ्या रोगांत कायद्यानेही तो धरला आहे. तेव्हा "मला दमाच आहे" म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आवर्जून सांगा.

पोटातले आम्ल इतके जहाल असते की चिकट थर नसता तर पोटाने स्वतःलाच पचवले असते. दिवसभर ओझी वाहून अंग ठणकले की आपण टपरीवरून वेदनाशामक गोळी आणतो आणि रिकाम्या पोटी गिळतो. रोज घेतलेल्या अशा गोळ्यांनी हा थर पातळ होतो, जखम होते, कधी रक्तही जाते. काळी डांबरासारखी शौचास झाली तर तडक दवाखाना गाठा.

आणि खोकल्यातून पडणारा बेडका हा तर बातमीदार आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर त्याची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ज्या बेडक्याला लाजतो तोच जीव वाचवतो. मात्र तो रस्त्यावर थुंकू नका, त्यात पकडलेले जंतू असतात.

चीक वासराचा आणि चीक लेकराचा

आता आया-बहिणींशी थोडे बोलायचे आहे.

गाय व्याली की पहिल्या दुधाचा खरवस आपण आवडीने खातो. पण जाणता गुराखी आधी वासराला चीक पाजतो. का? वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. पहिल्या दिवसाच्या चिकातूनच ती त्याला मिळतात. चीक चुकला तर वासरू दगावू शकते.

ही समज आपण गोठ्यात वापरतो आणि घरात विसरतो. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध 'जड आहे', 'शिळे आहे' म्हणून अजूनही कोठे कोठे पिळून टाकतात आणि लेकराच्या तोंडात मध, गूळपाणी, घुटी घालतात. आईच्या चिकात रोगाशी लढणारे एक खास प्रथिन भरभरून असते. ते बाळाच्या आतड्याच्या कोवळ्या थरावर पसरते आणि जुलाबाच्या जंतूंना चिकटू देत नाही. नवजात आतड्याला स्वतःचे पहारेकरी उभे करायला वेळ लागतो. तोवर आई आपले पहारेकरी उसने देते. ते फेकून देणे म्हणजे दारातला राखणदार हाकलून चोराला गूळपाणी पाजणे! जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावा आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नका.

पोलिओचे थेंब तोंडातून का देतात, तेही यावरून कळेल. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो, म्हणून तोंडावाटे दिलेली लस तिथेच पहारा बसवते. घरोघरी दिलेल्या त्या दोन थेंबांमुळे 13 जानेवारी 2011 नंतर भारतात पोलिओचा एकही नैसर्गिक रुग्ण सापडलेला नाही.

डबीतली ताकद

कोरोनानंतर 'इम्युनिटी' या शब्दाचा बाजारच भरला. कोणी गाईच्या चिकाची पावडर विकतो, कोणी गोगलगायीच्या बुळबुळीचे क्रीम. पावसाळ्यात लातूरकडे हीच गोगलगाय सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करते, 2022 मध्ये तिने शेतकऱ्याला रडवले, आणि शहरात तिची बुळबुळ चेहऱ्याला लावायला पैसे मोजतात! गाईचा चीक वासरासाठी असतो. मोठ्या माणसाने तो खाल्ला तर दुसऱ्या कोणत्याही प्रथिनासारखा तो पोटात पचून जातो. खरवस चवीने खा, पण शेकडो रुपये मोजून ताकदीच्या नावाने पावडर आणू नका. त्या पैशात महिनाभर डाळ, शेंगदाणे, अंडी येतील. शरीर आपले पहारेकरी त्यातूनच घडवते.

तेव्हा एवढे करा. पाणी भरपूर प्या. चुलीच्या खोलीत धूर कोंडू देऊ नका. विडी सोडा. अंगदुखीची गोळी रोजची करू नका. शौचातून आव आणि रक्त पडले तर अंगारे-धुपारे न करता दवाखान्यात जा. आणि वस्तीत कोणी बाळंत झाली, तर पेढे मागण्याआधी एकच प्रश्न विचारा, "बाळाला चीक पाजला का?"