परसांतील काकी

जपानांत ज्यास काकी म्हणतात (हें नांव ऐकून आमच्या वर्गांत हंशा पिकतो) व कुलूच्या खोऱ्यांत जें 'जपानी फळ' म्हणून विकलें जातें, त्या पर्सिमनाचें झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतलें होय. मात्र त्यास थंडी मानवते; देशावरच्या उन्हांत तें लावून कष्टी होण्यांत अर्थ नाहीं.

लावणारानें धीर धरावा. कलमी झाडासहि फळ धरण्यास तीन-चार वर्षें लागतात. बियांच्या झाडास आठ वर्षें, अशी म्हणच जपानांत आहे. सोटमूळ खोल जातें, म्हणून लावलेलें रोप पुन्हां हलवूं नये. खत बेतानें घालावें. अति झाल्यास पाला माजतो व कोंवळीं फळें गळतात. हाचिया जातीचें फळ कच्चें खाल्ल्यास तोंड असें आवळतें, कीं खाणारा झाडाचें नांवच टाकतो. दोष झाडाचा नव्हे, उतावळेपणाचा. तें अगदीं मऊ होईपर्यंत थांबावें, अथवा सोलून वाळवावें.

परंतु फळ उतरविणें हाहि संगोपनाचाच भाग होय, आणि तोच आज राहून जातो. जपानच्या खेड्यांतील तरुण मंडळी शहरांत गेली. मागें राहिलेल्या वृद्धांस शिडी चढवत नाहीं. फळें झाडावरच राहतात व शरदांत अस्वलें त्यांकरितां वस्तींत शिरतात. २०२३ सालीं रानांतील फळांचें पीक बुडालें, तेव्हां अस्वलांच्या हल्ल्यांत दोनशेंहून अधिक माणसें सांपडलीं. कित्येक ठिकाणीं अशीं झाडें तोडण्याचा सल्ला दिला जातो.

मनुष्याच्या जिवापुढें झाड मोठें नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तरी कुऱ्हाड हा पहिला उपाय नसावा, असें आमचें मत आहे. नागासाकी येथें ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉंबांतून होरपळून वांचलेल्या एका काकीच्या बियांपासून झालेलीं रोपें आज देशोदेशींच्या शाळांतून मुलें सांभाळीत आहेत. जीं मुलें रोपास पाणी घालतात, त्यांनीं शेजारच्या आजोबांचीं फळेंहि उतरवून द्यावींत. कांहीं गांवीं स्वयंसेवक हें काम करूं लागले आहेत. एकानें शिडी धरावी, दुसऱ्यानें कात्री चालवावी; फळ ओढूं नये, देठाची टोपी त्यास राहूं द्यावी. फांदीवर मात्र कोणीं चढूं नये. काकीचें लांकूड ठिसूळ असतें.