कर्ज बापाचे, घाम पोराचा



डेव्हिड क्रॉकेट हे नाव अमेरिकेत पोराटोरांना ठाऊक आहे. डोक्यावर रानजनावराच्या कातड्याची टोपी, हातात बंदूक, अस्वले मारणारा गडी. १९५० च्या दशकात त्याच्यावर टीव्ही मालिका निघाली आणि तसल्या टोप्यांचा धंदा जोरात चालला. पण हाच माणूस तीनदा अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेला आणि तिथे जमिनीची एकच मागणी धरून बसला, ते टोपीखाली झाकले गेले.

जन्म १७८६ चा, टेनेसीतला. बाप कायम देणेकऱ्यांच्या तावडीत. बाराव्या वर्षी बापाने पोराला एका गुरे हाकणाऱ्याबरोबर कामाला धाडले. पुढे बापाची ३६ डॉलरची चिठ्ठी सोडवायला पोरगा सहा महिने सावकाराकडे राबला, मग दुसऱ्याची ४० डॉलरची फेडायला आणखी सहा महिने. शाळा अशी जेमतेम. १८२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेला, त्याच वर्षी पुराने त्याची गिरणी वाहून नेली. असेल ते विकून देणी भागवली आणि कुटुंब घेऊन पश्चिमेच्या रानात गेला.

तिथली चांगली जमीन जुन्या सनदा बाळगणाऱ्यांनी आधीच गिळली होती. उरलेल्या हलक्या जमिनीवर गरीब कुटुंबांनी झाडे तोडली, लाकडी खोपटी बांधली, मका पेरला. हातात कागद मात्र नाही. सरकारदरबारी ते अतिक्रमण करणारे! राज्याचे पुढारी म्हणत, ही जमीन आम्हाला द्या, विकून शाळा-कॉलेजे काढू. क्रॉकेटचा सवाल सरळ होता : त्या कॉलेजात कोणाची पोरे शिकणार? १८२९ मध्ये त्याने मागणी मांडली की जो राहतो-कसतो त्यालाच १६० एकर थेट द्या. ती मोडून काढण्यात त्याच्याच राज्याचे जेम्स पोक पुढे होते, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले.

१८३० मध्ये मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा कायदा १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला. टेनेसीच्या खासदारांत विरोधात मत टाकणारा क्रॉकेट एकटा. कायदा राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा, ज्याच्या फौजेत तो स्वतः लढला होता. १८३१ ला पडला.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. गरिबांसाठी मागितलेली ती जमीनही १८१८ मध्ये चिकासॉ लोकांकडून घेतलेली होती. त्याच्याकडे गुलामही होते. १८३३ ला पुन्हा निवडून आल्यावर जॅक्सनच्या विरोधकांनी त्याला मोठ्या शहरांतून मिरवले, आणि हा अधिवेशन चालू असताना सत्कार घेत फिरला. बिल पडून राहिले. माझ्या मते त्याची मोठी चूक ही. १८३५ ला थोडक्या मतांनी हरला, नव्या जमिनीच्या आशेने टेक्सासला गेला आणि ६ मार्च १८३६ रोजी अलामोच्या लढाईत मेला.

पुढे त्याच जागेवरून त्याचा मुलगा जॉन वेस्ली संसदेत गेला. १८४१ मध्ये त्याने जमिनीचा कायदा करून घेतला. जमीन फुकट नव्हे, विकतच मिळाली. पण ती स्वस्तात घेण्याचा पहिला हक्क तिथे वसलेल्यांचा ठरला.