एक तरी बराक राहू द्या!

‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण लोकलमध्ये कितीदा ऐकतो आणि हसतो. पण खऱ्या यू. एस. ए.ने एक गोष्ट अशी केली आहे, की तिची नक्कल उल्हासनगरने खुशाल करावी!

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख परदेशी माणसे उतरली. त्यांची तपासणी जेथे होई, त्या मुख्य इमारतीत १९९० साली संग्रहालय उघडले. त्याच शहरात ऑर्चर्ड स्ट्रीटवरची एक जुनी चाळही जपली आहे. तेथे राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीत. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या स्थलांतरितांच्या खोल्या आहेत.

आपल्याकडे काय घडले? कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे कित्येक बराकींच्या जागी इमारती उठल्या. ‘कॅम्प नंबर’ मात्र पत्त्यात राहिला. फाळणीचे संग्रहालय अमृतसरला झाले, २०२३ साली दिल्लीलाही झाले. मग फाळणीतूनच जन्मलेल्या या गावाची कहाणी याच गावातल्या एखाद्या बराकीत का सांगू नये?

कोणी म्हणेल, “नळाला पाणी नाही, तेथे ही चैन कशाला?” पाण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण पाणी उद्याही आणता येईल. सिंध डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या ट्रंकांतली पत्रे, वह्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून कागद रद्दीत जातात.

हे संग्रहालय एकट्या सिंध्यांचे असू नये. अंबरनाथच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले कामगार, मुंबईत घर परवडेना म्हणून बदलापूरला आलेली कुटुंबे आणि ज्यांच्या शेताशेजारी एकाएकी शहर उभे राहिले ते मूळचे गावकरी, या सर्वांना तेथे जागा हवी. आलेल्यांचे हाल सांगताना इथल्यांची कुरकूरही लपवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, शासनाची वाट कशाला पाहायची? येत्या सुट्टीत प्रत्येकाने शेजारच्या एका वृद्धाची हकिगत त्याच्याच भाषेत लिहून आणावी. प्राध्यापकांनी ग्रंथालयातले एक कपाट त्यासाठी मोकळे करावे. आणि उरल्यासुरल्या बराकींपैकी एक तरी पाडू नये, असा अर्ज आपण सर्वांच्या सह्यांनिशी नगरपालिकांकडे नव्हे, थेट उल्हासनगर महानगरपालिकेकडे नेऊ या.