सचोटीच्या व्यापारावर नाहक आळ

आधी वापरून पाहा, पटले तरच दाम द्या, असे म्हणावयास ग्राहकावर विश्वास असावा लागतो. १९८२ साली अँड्र्यू फ्लूगलमन व जिम क्नॉफ या दोघा अमेरिकन गृहस्थांनी आपल्या संगणकीय आज्ञावली याच बोलीवर लोकांहाती दिल्या. प्रती काढून स्नेह्यांस वाटण्याची मुभाही ठेवली. 'शेअरवेअर' हे नाव या रीतीस मागाहून चिकटले. पुढे १९८६ साली लाहोरहून 'ब्रेन' हा संगणक-विषाणू निघाला, आणि हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीवर संशय जडला. मोहोरबंद खोक्यातला माल तेवढा सोवळा, असा समज बळावला. वास्तविक 'ब्रेन' आज्ञावलीत नव्हे, तर फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात दडे. त्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केले की तो आत शिरे, मग ती विकतची असो वा उसनी. १९९२ साली 'मायकेलअँजेलो'चा गवगवा झाला, तेव्हा तर इंटेलसारख्या मातबर कंपनीच्या शेकडो फ्लॉप्यांतूनच हा विषाणू बाहेर पडल्याचे उघडकीस आले! उलट जॉन मॅकॅफी यांची विषाणुशोधक आज्ञावली पसरली ती शेअरवेअरच्याच वाटेने. आज 'मोफत चाचणी'च्या नावाखाली कित्येक कंपन्या आधी कार्डाचा क्रमांक घेतात आणि मुदत सरताच पैसे कापतात. त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी संशयाने पाहत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.