मुकाट राबणारी मूत्रपिंडे

कामोठे, कळंबोली, तळोजा या भागात आपले कुणी इमारतीवर बिगारी काम करतात, कुणी कारखान्यात पाळीवर जातात. दिवसभर घाम गाळूनही पाणी मात्र बेताचेच पितात. भगिनी तर कामाच्या जागी मुतारीची सोय नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळतात आणि लघवी दाबून धरतात. त्यातूनच लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो वर चढला तर थेट मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

मूत्रपिंड म्हणजेच किडनी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. कामाचे पाणी, साखर व क्षार रक्तात परत जातात. युरियासारखी घाण दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर पडते. रक्तदाब आवरणे, नवे रक्त तयार करायला लावणे, हाडे बळकट ठेवणे हीही त्यांचीच कामे.

अडचण एवढीच की ती कुरकुर करीत नाहीत. निम्मे काम थांबले तरी माणसाला पत्ता नसतो. पायांवर सूज, धाप, मळमळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मग आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे ४ तास डायलिसिस! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो, पण बुडालेला रोज कोण भरून देणार?

म्हणून आमचे सांगणे असे : मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्या मध्येच सोडू नका, मूत्रपिंडे निकामी होण्याची हीच दोन मोठी कारणे आहेत. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नका. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. कामोठ्यात एमजीएम रुग्णालय जवळच आहे. उन्हात, भट्टीपुढे काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. मात्र सूज असेल किंवा हृदयविकार असेल, तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारा.

आणि कामगार बंधू-भगिनींनो, कारखान्यात पिण्याचे पाणी व मुतारी देणे ही १९४८ च्या कारखाना कायद्यापासून मालकाची जबाबदारी ठरली आहे. ती मागायला संकोच कसला? ते मागणे म्हणजे मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे.