लेन हरा, पण मरू नका!

मंडळी, डोटा खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. हिरो मरतो, स्क्रीन करडी होते आणि पुढच्याच सेकंदाला हेडफोनमधून आवाज येतो, "अरे वॉर्ड का नाही लावला?" मेलेला माणूस स्वतःला कधीच विचारत नाही, की मी त्यांच्या टॉवरखाली एकटा काय करत होतो!

माझं स्पष्ट मत सांगून टाकतो. लेनमधले बहुतेक मृत्यू वॉर्ड नसल्यामुळे होत नाहीत, आणि बोटं हळू चालल्यामुळे तर त्याहून नाही. डाव्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या नकाशावर जी माहिती आधीच पडलेली असते, ती न वाचल्यामुळे होतात. आणि उरलेले होतात ते हरलेली लेन जिंकायच्या हट्टापायी.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल). वॉरक्राफ्ट ३ या खेळाचा एक हौशी नकाशा म्हणून डोटा सुरू झाला. आमच्या सीनियरांच्या सीनियरांनी हॉस्टेलच्या लॅनवर रात्री जागवल्या त्या याच्यावर. पुढे व्हॉल्व्हनं २०१३ च्या जुलैमध्ये डोटा २ आणला, आणि आमची बॅच त्याच्यावर वाया गेली (ह. घ्या.). पाच विरुद्ध पाच. दोन तळ, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा, म्हणजे लेन. मधून नदी. दर तीस सेकंदांनी दोन्हीकडून क्रीप नावाचे शिपाई निघतात आणि एकमेकांना भिडतात. क्रीपवर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. त्या सोन्यातून शस्त्रं घ्यायची आणि शेवटी समोरच्याचा तळ पाडायचा. लेनमध्ये तुमच्यासमोर कोण उभा ठाकलाय, ते मॅचअप. आणि तुम्ही मन लावून क्रीप मारत असताना दुसऱ्या लेनमधून दोघं-तिघं येऊन तुम्हाला घेरतात, तो गँक. थोडक्यात आपला गनिमी कावाच, फक्त या वेळी आपण मुघल!

तर मॅचअप. समजा तुम्ही अँटी-मेज घेतलाय. हा हिरो अर्ध्या तासानंतर राक्षस होतो, पण सुरुवातीला अगदीच लेकरू. हातघाईचा लढवय्या, म्हणजे प्रत्येक क्रीपसाठी जवळ जावं लागतं. आणि समोर आले व्हायपर आणि अनडाइंग. व्हायपर लांबून विषाचे फवारे मारतो, वर पायही जड करतो. अनडाइंग जवळ आलात की तुमची ताकदच चोरतो आणि तुम्ही चिडून भांडायला गेलात की थडगं रोवून त्यातून भुतं काढतो. ही लेन तुम्ही हरणार आहात. निवड झाली त्या क्षणीच ते ठरलं. आता प्रश्न फक्त किती हरायचं एवढाच आहे.

इथेच लोक घोळ घालतात. एका क्रीपचे जेमतेम चाळीसेक सोनं. त्यासाठी पुढे जायचं, अर्धं आयुष्य गमवायचं, मग पुढच्या क्रीपसाठी उरलेलं अर्धं. का? तर "माझं फार्म मागे पडतंय." अरे बाबा, मेलास की ते जास्तच मागे पडणार आहे! साधा हिशोब बघा. एका वेव्हमध्ये सुरुवातीला चार क्रीप, म्हणजे सगळे मिळाले तरी साधारण दीडशे सोनं. एकदा मेलात की मारणाऱ्याला सोनं आणि अनुभव, तुमच्या खिशातलं थोडं गेलं, शिवाय जिवंत होऊन परत येईपर्यंत वेव्हवर वेव्ह त्यांच्या घशात. त्या वेव्हचा अनुभवही गेला. मागे उभं राहून चार क्रीप सोडले असते तर फक्त सोनं गेलं असतं. कारण अनुभव मिळायला क्रीप तुम्हीच मारायला लागत नाही, तो मरताना आसपास असलात की पुरे. झाडाच्या आडोशाला निमूट उभं राहून लेव्हल वाढवणं दिसायला केविलवाणं असतं, मान्य. पण ते फुकट आहे!

२०२१ च्या जानेवारीतली ब्रिस्बेनची कसोटी आठवा. शेवटच्या दिवशी पुजारा २११ चेंडू खेळला आणि ५६ धावा केल्या. अंगावर किती चेंडू घेतले ते मोजवत नाही. त्या दिवशी सोशल मीडियावर त्याच्या स्ट्राइक रेटवर विनोद करणारी मंडळी होतीच. संध्याकाळी ऋषभ पंतनं विजयी चौकार मारला तेव्हा ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज कशानं दमले होते, हे त्यातल्या किती जणांना कळलं देव जाणे. डोटाच्या स्कोअरबोर्डवर मारलेल्यांचा आकडा असतो, मेल्याचा असतो. "मारायला आले होते पण मिळालो नाही" याचा रकाना कुठेच नाही. मोजलं जात नाही म्हणून किंमत नाही असं आपल्याला वाटतं. (ऑफिसात याचा अनुभव सगळ्यांनाच आहे, तिकडे जात नाही.)

अर्थात मागे उभं राहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. हरणाऱ्या लेनमध्ये सगळ्यात मोठं काम म्हणजे भांडण आपल्या अंगणात आणणं. तुमच्या क्रीपना उगाच मदत करू नका. सटासट मारत सुटलात की वेव्ह पुढे सरकते आणि तिच्यामागून तुम्ही नदीपलीकडे, त्यांच्या टॉवरच्या दारात. फक्त शेवटचा घाव घाला. स्वतःचा क्रीप निम्म्याखाली आला की तो स्वतःच मारून टाका, म्हणजे समोरच्याचं सोनं जातं आणि अनुभवही कमी मिळतो. आणि शत्रूच्या हिरोवर हल्ल्याची नुसती आज्ञा देऊन मागे वळा, त्याचे जवळपासचे क्रीप चिडून तुमच्या मागे येतात. दोन-तीनदा केलं की अख्खी वेव्ह तुमच्या टॉवरजवळ. आता व्हायपरला तुम्हाला छळायचं तर त्यानं पुढे यावं, धोका त्यानं पत्करावा. या युक्तीला बोटांची चपळाई लागत नाही, फक्त सवय लागते. तरी आमच्या लेव्हलच्या निम्म्या लोकांना ती वापरताना मी पाहिलेलं नाही.

आता गँक. हा विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा.

गँक "अचानक" होतो असं म्हणतात. मी काही महिने स्वतःच्या आणि मित्रांच्या मॅचचे रिप्ले बसून बघितले (विकांताला दुसरं काम नव्हतं असं नाही, पण कपडे इस्त्री करण्यापेक्षा बरं). मृत्यूच्या आधीची वीस सेकंदं नकाशाकडे बघा. बहुतेक वेळा पाचपैकी दोन किंवा तीनच शत्रू दिसत असतात. उरलेले कुठे आहेत? लोक मनातल्या मनात उत्तर देतात, "असतील कुठेतरी." माझं म्हणणं, ते तुमच्याकडेच येतायत असं धरून चाला. नऊ वेळा चुकाल, थोडं सोनं जाईल. दहाव्यांदा वाचाल. वरचा हिशोब परत लावा, सौदा स्वस्तच आहे.

दुसरी खूण मला सर्वात आवडते. लेनमधला समोरचा गडी, जो इतका वेळ भिऊन मागे होता, अर्ध्या आयुष्यावर होता, तो एकाएकी शूर होतो. छाती काढून पुढे येतो, तुमच्यासमोर उगाच घुटमळतो. आपल्याला वाटतं, सापडला! च्यायला, माणूस असा उगाच शूर होत नाही. त्याच्या मागच्या झाडीत कोणीतरी उभा आहे म्हणून तो शूर झालाय. याच्या उलटी खूण म्हणजे समोरच्या जोडीतला सपोर्ट दिसेनासा होणं. तो गावाला गेलेला नाही. वळसा घालून तुमच्या पाठीमागे येतोय.

मग घड्याळ. सहाव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी नदीत पॉवर रून येतो. मिडवाला तो घ्यायला जातो, आणि त्याला वेगाचा किंवा अदृश्य होण्याचा रून लागला तर तो परत मिडला कशाला जाईल? तुमच्याकडे येईल. सहा, आठ, दहा ही मिनिटं टॉवरजवळ काढायची. पाचव्या मिनिटाला रात्र पडते आणि बहुतेक हिरोंची नजर निम्म्याहून कमी होते, तेव्हाही तेच. आणि समोर स्पिरिट ब्रेकर असेल तर त्याच्या लेनमध्ये तो दिसतोय का याच्याकडे सतत एक डोळा हवा, कारण तो नकाशाच्या दुसऱ्या टोकावरून बैलासारखा धावत येतो. यातलं काहीच गुपित नाही. घड्याळ वर लिहिलेलं असतं, नकाशा खाली असतो.

वॉर्डबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल विषय टाळला. वॉर्ड हवाच. पण तो सहा मिनिटं टिकतो, स्टॉक मर्यादित असतो, आणि शत्रूला सापडला की तो तोडतो. स्मोक वापरून आलेली टोळी त्याला दिसतच नाही. म्हणजे वॉर्ड असला तरी डोकं मोजायचं काम तुमचंच. शिवाय तो दुकानातून उचलून लावायला सपोर्टचीच सही लागते असा नियम कुठेही नाही!

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला फारसं कोणी बोलताना आढळत नाही: गँक करणाऱ्यालाही गँक महाग पडतो. तिघं तुमच्यासाठी निघाले म्हणजे तिघांनी आपापली लेन सोडली. चालत यायला वेळ, झाडीत दबा धरून बसायला वेळ, परत जायला वेळ. एवढ्यात त्यांचे क्रीप टॉवरखाली फुकट मेले. तुम्ही मेलात तर हे सगळं वसूल होतं, व्याजासकट. नाही मेलात तर तिघांचाही तोटा आणि तुमच्या चार मित्रांना उरलेल्या नकाशावर मोकळं रान. कबड्डीत चढाई रिकामी गेली की दोन्हीकडे गुण सारखेच राहतात. इथे रिकामी चढाई करणाऱ्यालाच भुर्दंड बसतो. दोन गँक हुकवलेत तर लेन हरूनही तुम्ही सामना ओढून आणलाय.

लीग ऑफ लेजंड्सवाले म्हणतील आमच्याकडे वेगळं आहे. तपशील वेगळे. तिकडे जवळजवळ प्रत्येकाकडे फ्लॅश असतो आणि एकदा वापरला की पाच मिनिटं विसरा. चांगला जंगलर त्या पाच मिनिटांत परत येतोच, आणि चांगला लेनर ती पाच मिनिटं मागे खेळतो. हिशोब तोच.

आता हे सगळं लिहायचं कारण. आमच्या पाच जणांत सर्वात चांगला सपोर्ट खेळणारा गेले दीड महिना आलेला नाही. त्याला आठवड्यात दोनच तास मिळतात, शनिवारी रात्री, बाळ झोपल्यावर. ते दोन तास तो आवाज बारीक ठेवून खेळायचा, दुसऱ्यांसाठी वॉर्ड लावत, स्वतः फाटक्या वस्तूंवर. आणि त्या दोन तासांत प्रत्येक मरणानंतर त्याला ऐकू काय यायचं? लेखाच्या सुरुवातीचं वाक्य. एका शनिवारी तो म्हणाला, "जरा बिझी आहे रे." पुढच्या शनिवारी तेही म्हणाला नाही. आरडाओरडा करणारे दोघं कोण ते लिहीत नाही, दोघंही हे पान वाचतात. :-)

मला त्यांना एवढंच म्हणायचंय की मेल्यावर बोलायचंच असेल तर उपयोगाचं बोला. "तिघं खाली आहेत, मिडचा टॉवर घ्या." बास. एवढ्या वाक्यानं तुमचं मरणही थोडं वसूल होतं. "वॉर्ड कुठंय" यानं काय मिळतं? वॉर्ड तर येत नाहीच, वॉर्ड लावणारा मात्र जातो. २०१८ साली व्हँकुव्हरच्या इंटरनॅशनलमध्ये ओजी हा संघ ओपन क्वालिफायरमधून वर आला होता, ऐनवेळी जुळवलेला. अंतिम फेरीत १-२ असा मागे पडून ३-२ नं जिंकला. पुढच्या वर्षी शांघायला पुन्हा तेच पाच जण जिंकले. त्या संघाबद्दल जे काही वाचलं-पाहिलं त्यात एकमेकांवर न खेकसण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ते कोट्यवधींसाठी खेळत होते. आपण झोप मोडून, फुकट खेळतोय.

असो. येत्या शनिवारी साडेदहाला लॉबी उघडतोय. पाचवी जागा भरलेली नाही आणि कोणाला बोलावूही नका. त्याला मेसेज टाकलाय. तोपर्यंत सपोर्ट मी खेळीन, आणि अँटी-मेज घेणाऱ्यानं आपल्या लेनचा वॉर्ड आपण लावायचा.