बाटलीआधी लोहाचे विचारा

"पेशंटच्या अंगात रक्त नाही. दोन बाटल्यांची सोय करा, मग ऑपरेशनचं बघू." हा निरोप घेऊन माणसे आमच्याकडे येतात. दिवसा कचेरीत फायली हलवायच्या आणि संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाच्या खोलीत बसून रक्तदाते शोधायचे, कोणाचे योजनेचे कागद लावून द्यायचे, हा आमचा बऱ्याच वर्षांचा परिपाठ. १४ एप्रिलच्या शिबिरात रक्त दिलेल्या पोरांची नावे एका वहीत लिहून ठेवली आहेत, ती अशा वेळी कामी येतात. परंतु आजार मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा असेल, तर वही उघडण्याआधी आम्ही नातेवाइकांना विचारतो, की ऑपरेशनला अजून किती दिवस आहेत आणि तोवर पेशंटला लोह सुरू केले आहे काय? बहुतेक वेळा उत्तर येते, "नाही हो, बीट देतोय रोज."

बिटाने हे भरून येत नाही. आमचे शिक्षण बी.कॉम.चे, तेव्हा जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. मोठे आतडे पोटाच्या उजव्या बाजूला खाली सुरू होते. तिथे ते रुंद असते आणि आतला मळ पातळ असतो, म्हणून त्या भागात गाठ झाली तरी संडास लवकर अडत नाही. पण गाठीतून रक्त झिरपत राहते, मळात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज चहाचे दोनच चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर रक्त गेले, तर पाच मिलिग्रॅम लोह खर्ची पडले. आणि जमा किती? आपल्या रोजच्या जेवणातून शरीर साधारण एक-दोन मिलिग्रॅम लोहच शोषून घेते. असा तोट्यातला धंदा महिनोन्‌महिने चालला, की शिल्लक संपते.

मग जिना चढताना धाप लागते, पाय जड होतात, तोंड पांढरे पडते. घरचे म्हणतात वय झाले, आयुष्यभर ओझी उचलली, आता थकणारच. बाईमाणसाचे तर कोणी म्हणतसुद्धा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. इतक्या घरांत तो आहे, की तो आजार वाटेनासा झाला आहे. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, एवढे ध्यानात घ्या. पाळी बंद झालेली बाई किंवा कोणताही प्रौढ पुरुष यांचे रक्त लोहाअभावी कमी झाले, तर नुसते टॉनिक आणून भागत नाही. रक्त जाते कुठे, ते शोधावे लागते. शौचातील लपलेल्या रक्ताची तपासणी आणि आतड्याची दुर्बिणीतून तपासणी त्यासाठी असते. "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसणे फार महागात पडते.

आता ऑपरेशनकडे येऊ. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रीचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. मोठ्या ऑपरेशनआधी दोघांचेही १३ असावे, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ साली सुचवले. रक्त कमी असताना पोट उघडले तर बाहेरचे रक्त चढवण्याची पाळी अधिक येते, गुंतागुंत वाढते, खाटेवरचे दिवस वाढतात. रोजंदारीच्या घराला एकेक दिवस म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

मग बाटल्याच का चढवू नयेत? एका बाटलीने हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅम वाढते. तिच्याबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते. रक्त फारच उतरले असेल, हृदयविकार असेल किंवा रक्तस्राव जोरात असेल, तर बाटली लागतेच आणि तिथे हट्ट करू नये. पण दुसऱ्याचे रक्त शेवटी दुसऱ्याचेच. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून जितके टळेल तितके डॉक्टरांनाही हवेच असते.

लोह देण्याचे मार्ग दोन. गोळी स्वस्त असते आणि सरकारी दवाखान्यात मिळते. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असते. लिंबू किंवा आवळ्याबरोबर ती चांगली लागू पडते, चहाबरोबर घेतली तर वाया जाते. अडचण अशी, की कॅन्सरमध्ये किंवा अंगात दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त बनवते आणि ते आतड्यातून लोह आत येण्याचे दारच लोटून घेते. तेव्हा शिरेतून सलाईनवाटे लोह देतात. आयर्न सुक्रोज थोडे थोडे करून अनेक वेळा द्यावे लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येते. क्वचित जोराची अ‍ॅलर्जी येते, म्हणून हे इस्पितळातच घ्यायचे आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचे.

सलाईनचे औषध महाग असते, म्हणून त्याचा खरा हिशेबही मांडतो. युरोपात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २०२ रुग्णांवर सलाईन आणि गोळी यांची तुलना झाली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या दिवशी हिमोग्लोबिन पुरते सुधारलेले रुग्ण सलाईनच्या गटात १७ टक्के आणि गोळीच्या गटात १६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. महिन्याने मात्र सलाईनचे ६० टक्के आणि गोळीचे २१ टक्के. त्याआधी २०२० साली ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४८७ रुग्णांचा अभ्यास निघाला. त्यात सलाईनमुळे बाटल्या किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे हे जादूचे पाणी नव्हे. लोहाचे रक्त व्हायला आठवडे लागतात. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा, निदान झाले त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "साहेब, लोह गोळीने द्यायचे की सलाईनने?" त्यासाठी कोणी मंगळसूत्र गहाण टाकू नये, आणि रक्त वाढेपर्यंत थांबू म्हणून मिळालेली तारीखही सोडू नये. गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाला, विशेषतः विदर्भातल्या मंडळींना सांगायलाच हवी. आपल्यात सिकलसेल बराच आहे. त्यातही रक्त कमी दिसते, पण ते लोहाअभावी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात तर लोह जास्तच साठलेले असते आणि त्यात आणखी भर घालणे घातक आहे. म्हणून घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, आणि फेरिटिनची तपासणी झाल्याशिवाय लोह घेऊ नका. शेजारणीला लागू पडलेली गोळी तर मुळीच नको.

लोहाच्या गोळीने संडास काळी होते, त्याने घाबरू नये. पण गोळी सुरू नसताना संडास डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना गाठावा. दुर्बिणीची तपासणी ठरली असेल तर लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, नाहीतर आत नीट दिसत नाही आणि तारीख फुकट जाते. मुंबईला परळच्या टाटात मुक्काम करून आलेल्यांना अशी फुकट गेलेली एक तारीख म्हणजे किती भाडे, किती खाडे, ते ठाऊक आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

ऑपरेशन झाले, गाठ गेली, तरी लोहाची तिजोरी रिकामीच असते. ती भरायला पुढे काही महिने लागतात. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर लोह लिहिले आहे का, किती दिवस घ्यायचे आणि हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचे, हे खाट सोडण्याआधी विचारून घ्या. कागद वाचता आला नाही तर आमच्याकडे घेऊन या. संध्याकाळी सातनंतर आम्ही मंडळाच्या खोलीत असतो.